पाच दिवसांचे अंगण

मुलांनो, पाम्प्लेमूसची वनस्पतिबाग तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. तळ्यावर तरंगणारी परातीसारखी मोठी पाने पाहून तुम्ही थांबलाही असाल. १७७० च्या सुमारास पियेर प्वाव्र यांनी या बागेत दूरदूरच्या देशांतून मसाल्यांची झाडे आणून लावली. तेव्हापासून अडीचशे वर्षे ही बाग वाढत आहे. तेथे तालिपोत नावाचा उंच ताड आहे. तो कित्येक दशके वाढतो, आयुष्यात एकदाच फुलतो आणि मग वाळून जातो. तो कधी फुलावा हे कोणीही ठरवू शकत नाही. माळ्याने वाट पाहायची, एवढेच.

आज आपण याच्या अगदी उलट प्रकारच्या बागेची माहिती घेणार आहोत. ही बाग काही आठवड्यांत उभी राहते आणि काही दिवसांत उचलली जाते. तिच्यातील प्रत्येक फूल ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी उमललेले असावे लागते. अशी बाग फुलांच्या प्रदर्शनात पाहावयास मिळते. जागा लहान, वेळ थोडा आणि पाहणारे डोळे हजारो! मग ती आखायची कशी?

अशा प्रदर्शनांपैकी जगात फार प्रसिद्ध असलेले प्रदर्शन लंडनच्या चेल्सी भागात भरते. तेथे निवृत्त सैनिकांसाठी रॉयल हॉस्पिटल नावाची जुनी संस्था आहे. तिच्या आवारात १९१३ पासून हे प्रदर्शन भरत आले आहे. दोन महायुद्धांच्या काळात काही वर्षे ते बंद होते. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे ते भरले नाही आणि २०२१ मध्ये प्रथमच मे महिन्याऐवजी सप्टेंबरमध्ये भरले. एरवी ते मे महिन्यात असते. मे म्हणजे आपल्याकडे थंडीची चाहूल, पण इंग्लंडमध्ये तो वसंत ऋतू.

प्रदर्शन पाच दिवस चालते. मोठ्या बागा उभारण्यास सुमारे तीन आठवडे मिळतात, लहान बागांना त्याहूनही कमी. तेवढ्या वेळात रिकाम्या मैदानावर भिंती उभ्या राहतात, फरशा बसतात, पाणी खेळू लागते आणि वाढलेली झाडे मालमोटारींतून येऊन आपापल्या जागी उभी राहतात. पूर्वी काही वर्षे तेथे लहान अंगणबागांचा वेगळा विभागही असे. अंगण म्हणजे भिंतींनी वेढलेली, वर मोकळे आकाश असलेली जागा. तिच्यात मैलभर पसरलेली हिरवळ मावत नाही. म्हणूनच तिची आखणी अधिक अवघड असते.

तुम्हांला वाटेल, ज्याच्या बागेत सर्वांत जास्त फुले, त्याला पहिले बक्षीस. तसे मुळीच नाही. चेल्सीला बाग करणाऱ्याने आधी एक टिपण लिहून द्यावे लागते. ही बाग कोणासाठी आहे, ती काय सांगते, तिच्यात कोणती झाडे आहेत आणि ती का आहेत, हे त्या टिपणात असते. परीक्षक येतात तेव्हा ते आधी टिपण वाचतात आणि मग बाग पाहतात. जे लिहिले ते दिसते का? आखणी नीट आहे का? बांधकाम पक्के आणि स्वच्छ आहे का? झाडे निरोगी आणि योग्य जागी आहेत का? यावरून सुवर्ण, सोन्याचा मुलामा दिलेले रौप्य, रौप्य किंवा कांस्य यांपैकी पदक ठरते. पदक देताना एका बागेची दुसऱ्या बागेशी तुलना करीत नाहीत. अनेक बागांना एकाच वर्षी सुवर्णपदक मिळू शकते. म्हणजे येथे खरी स्पर्धा शेजाऱ्याशी नसते. स्वतः दिलेल्या शब्दाशी असते.

टिपणात जी एक कल्पना असते तिला बागेचा विषय म्हणतात. विषय कोठूनही सुचू शकतो. आज ब्रिटनचे राजे असलेले चार्ल्स हे युवराज होते तेव्हाची, २००१ सालची गोष्ट पाहा. त्यांच्या हायग्रोव्ह येथील घरात तुर्की गालिचे होते. गालिच्यावरची नक्षी आणि रंग पाहून त्यांना वाटले, हा गालिचा जमिनीवर झाडांनी विणता येईल का? त्यातून चेल्सीसाठी एक भिंतींची बाग तयार झाली. मध्यभागी कारंजे, भोवती रंगीत फरशा आणि गालिच्याच्या रंगांना जुळणारी झाडे. नंतर ती बाग हायग्रोव्हला नेऊन पुन्हा उभारण्यात आली. पाहा, विषय एकच होता: गालिचा. म्हणून प्रत्येक फरशी कोठे आणि कोणत्या रंगाची, हे ठरविणे शक्य झाले.

स्पेनमधील कोर्दोबा शहरात तर लोकांची राहती अंगणेच स्पर्धेत उतरतात. ही स्पर्धा १९२१ मध्ये सुरू झाली. मे महिन्यात लोक आपल्या घराची दारे उघडतात. पांढऱ्या भिंतींवर उंचापर्यंत कुंड्या टांगलेल्या असतात. वरच्या कुंड्यांना पाणी घालण्यासाठी लांब काठीच्या टोकाला डबा बांधतात. २०१२ मध्ये युनेस्कोने या उत्सवाला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. अंगण हा केवळ घराचा एक भाग नसून ती जगण्याची एक रीत असते, हे यावरून कळते.

आता आपण स्वतः एक अंगणबाग आखू या. समजा, तुमच्या शाळेत १५ सप्टेंबरला फुलांचे प्रदर्शन आहे. तुमच्या वर्गाला पाच मीटर लांब आणि चार मीटर रुंद जागा मिळाली आहे. म्हणजे वीस चौरस मीटर. मागे आणि दोन्ही बाजूंना तात्पुरत्या भिंती उभारता येतील. चौथी बाजू पाहणाऱ्यांसाठी मोकळी. परीक्षक सकाळी दहा वाजता येणार आहेत.

वर्गात विषय ठरला, ‘आजीचे अंगण’. आता प्रत्येकाला काही ना काही हवे आहे. फळ्यावर यादी वाढत जाते: तुळशीवृंदावन, रांगोळी, झोपाळा, विहीर, ओटा, पाटा-वरवंटा, केळ, जास्वंद, मोगरा, झेंडू, कढीलिंब, गुलबक्षी, अँथुरियम, बूगनवेल आणि आपले राष्ट्रीय फूलही. इतके सारे वीस चौरस मीटरमध्ये घातले तर अंगण राहणार नाही, बाजार होईल.

म्हणून यादी बाजूला ठेवा आणि आधी टिपण लिहा. चार वाक्ये पुरेत. पहिला प्रयत्न असा होईल: ‘हे आजीचे अंगण आहे. दुपारचे चार वाजले आहेत. आजी ओट्यावर बसून नातवंडांची वाट पाहत आहे. अंगणातील प्रत्येक झाड रोजच्या उपयोगाचे आहे.’

टिपण छान आहे. चार वाजता उमलणारी गुलबक्षीही यात चपखल बसते. संध्याकाळच्या सुमारास तिची फुले उघडतात आणि दुसऱ्या दिवशी ऊन चढले की मिटतात. पण थोडे थांबा. परीक्षक केव्हा येणार आहेत? सकाळी दहाला! त्या वेळी गुलबक्षी मिटलेली असेल. मोगऱ्याच्या कळ्याही संध्याकाळी उमलतात. आपण लिहिले एक आणि दाखविले दुसरे, असे होईल.

येथे काय करावे? काही मुले म्हणतील, गुलबक्षी राहू द्या, परीक्षकांना सांगू की संध्याकाळी या. पण बाग स्वतः बोलली पाहिजे. तिच्या शेजारी उभे राहून कोणी समजावून सांगू लागले की ती अपुरी आहे असेच ठरते. तेव्हा टिपणच बदलावे. ते देण्याची मुदत संपेपर्यंत बदलण्यास मोकळीक असते. मुदत संपली की मात्र तो तुमचा शब्द झाला.

दुसरे टिपण असे: ‘हे आजीचे सकाळचे अंगण आहे. सडा नुकताच घातला आहे, रांगोळी काढली आहे आणि तुळशीला पाणी घालून झाले आहे. आजी फुले काढून आत पूजेला गेली आहे. अंगणातील प्रत्येक झाड पूजेच्या किंवा स्वयंपाकाच्या उपयोगाचे आहे.’

आता ही चार वाक्ये हातात घेऊन यादीकडे पाहा. प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा, ‘तू या सकाळी येथे कशाला आहेस?’ तुळस उत्तर देते. जास्वंद देते, कारण ती सकाळी उमलते आणि पूजेला लागते. झेंडूचे तसेच. केळीचे पान पूजेला आणि जेवणाला लागते. कढीलिंब, म्हणजे आपल्याकडचे कारीपुले, फोडणीत पडते. रांगोळी आणि ओटा यांना जागा आहेच. पण विहीर, झोपाळा, बूगनवेल आणि गुलबक्षी यांना उत्तर देता येत नाही. ती काढावी लागतात.

अँथुरियम काढताना वर्गात वाद होईल. ते देखणे फूल आहे, आपल्या देशात मोठ्या प्रमाणावर पिकते आणि लगेच नजरेत भरते. पण त्याला सावली लागते आणि आपले अंगण कोवळ्या उन्हाचे आहे. उन्हात ठेवले तर त्याची पाने करपतील. राष्ट्रीय फुलाचेही तसेच. बूक्ल दोरेय हे १९९२ पासून आपले राष्ट्रीय फूल आहे. ते ल मोर्न डोंगरावर रानात वाढणारे दुर्मिळ झाड आहे. आजीच्या अंगणातले नव्हे. सुंदर वस्तू सुंदर आहे म्हणून ठेवणे सोपे असते. सुंदर असूनही ती येथली नाही म्हणून बाजूला ठेवणे, हे आखणीतील सर्वांत अवघड काम आहे.

यानंतर आराखडा काढा. एक मीटरसाठी चार सेंटिमीटर धरले तर तुमचे अंगण कागदावर वीस सेंटिमीटर लांब आणि सोळा सेंटिमीटर रुंद होते. ते वहीच्या पानावर मावते. मागच्या भिंतीला लागून अर्धा मीटर रुंदीचा ओटा काढा. तो चार मीटर लांब, म्हणजे दोन चौरस मीटर झाला. वृंदावनाला एक चौरस मीटर. झाडांच्या वाफ्यांना सात. उरलेले दहा चौरस मीटर मोकळे ठेवा. ‘अर्धी जागा रिकामी?’ असे कोणी विचारील. होय, कारण रिकामी जागा हेच तर अंगण आहे. तेथेच सडा पडतो आणि तेथेच रांगोळी उमटते.

वृंदावन अगदी मध्यभागी ठेवलेच पाहिजे असे नाही. पाहणारा मोकळ्या बाजूने, उभा राहून, बाहेरूनच पाहणार आहे. मध्यापासून थोडे मागे आणि एका बाजूला ठेवले तर समोर मोकळी जमीन दिसते आणि जागा खोल वाटते. बुटकी झाडे पुढे, उंच मागे, हा साधा नियम आहे. पण एखादी उंच जास्वंद पुढच्या कोपऱ्याजवळ ठेवून पाहा. तिच्या फांद्यांमधून आतले अंगण पाहताना दारातून डोकावल्यासारखे वाटते.

आता ऊन कोठून येते ते पाहा. येथे एक गंमत आहे. इंग्लंडमधील बागकामाच्या पुस्तकात लिहिलेले असते की दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला भरपूर ऊन मिळते. तेथे ते खरे आहे. आपण विषुववृत्ताच्या दक्षिणेस, सुमारे वीस अंशांवर राहतो. आपल्याकडे वर्षातील बहुतेक महिने दुपारचा सूर्य उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणून आपल्याकडे उत्तरेकडे तोंड असलेली भिंत उबदार असते. परदेशी पुस्तकातील आराखडा जसाच्या तसा उतरवला तर तुळस सावलीत जाईल. वाऱ्याचेही तसेच. आपल्याकडे सप्टेंबरमध्ये आग्नेयेकडून वारा येतो आणि तो केळीची पाने फाडून त्यांच्या चिंध्या करतो. तेव्हा केळ त्या बाजूच्या भिंतीच्या आडोशाला लावा.

झाडे फुलविण्याचे गणित उलटे करावे लागते. प्रदर्शनाच्या दिवसापासून मागे मोजत यायचे. झेंडू पेरल्यापासून साधारण दोन ते अडीच महिन्यांनी फुलतो. थंडीत थोडा उशीर होतो. म्हणून एकाच दिवशी सगळे बी पेरू नका. २५ जून, ५ जुलै आणि १५ जुलै अशा तीन वेळा पेरा. हवा थंड राहिली तर पहिली रोपे उपयोगी पडतील, ऊबदार झाली तर शेवटची. तुळस थंडीत सावकाश वाढते, म्हणून ती मे महिन्यातच पेरावी आणि मंजिऱ्या खुडत राहाव्या, म्हणजे रोप दाट होते. जास्वंद आणि केळ यांची रोपे घरोघरी मिळतील. ती कुंड्यांतच वाढू द्या.

चेल्सीचे माळीही हेच करतात, फक्त मोठ्या प्रमाणावर. लवकर फुलू पाहणारी झाडे ते थंड जागी ठेवून मागे खेचतात आणि रेंगाळणारी झाडे ऊबदार काचघरात ठेवून पुढे ढकलतात. गरजेपेक्षा कितीतरी जास्त रोपे वाढवून त्यांतील उत्तम तेवढीच नेतात. २०२१ मध्ये प्रदर्शन सप्टेंबरला गेले तेव्हा वसंतातील फुले उपयोगाची राहिली नाहीत. मे महिन्यासाठी आखलेल्या बागांमध्ये शरद ऋतूतील झाडे घेऊन पुन्हा विचार करावा लागला. ऋतू बदलला की यादी बदलते. विषय मात्र टिकवता येतो.

उभारणीचा क्रम पक्का असतो. आधी भिंती आणि ओटा, मग जमीन, मग मोठी झाडे, शेवटी लहान. क्रम चुकला तर लावलेली रोपे पायांखाली तुडवली जातात. प्रदर्शनात पुष्कळ झाडे कुंडीसकट मातीत पुरतात आणि वर माती पसरून कड झाकतात, म्हणजे नंतर मुळांना इजा न होता ती काढता येतात. वाफ्यात रोपे अगदी जवळजवळ ठेवतात, कारण येथे त्यांना वाढावयाचे नसते, दिसावयाचे असते. घरच्या बागेत मात्र असे करू नका. तेथे प्रत्येक रोपाला वाढण्यापुरती जागा सोडावी लागते.

एवढे करूनही सारे ठरल्याप्रमाणे होईलच असे नाही. पहाटे पावसाची सर येईल आणि रांगोळी वाहून जाईल. ती पुन्हा काढता येते. आजीही रोज नवी काढते. पण आदल्या दिवशी जास्वंदीला एकही कळी दिसली नाही तर? कोणीतरी हळूच सुचवील, ‘बाजारातील कागदी फूल तारेने बांधू या, लांबून कळणार नाही.’ या क्षणी तुमची खरी परीक्षा आहे. तुम्ही लिहिले आहे की आजी फुले काढून आत गेली आहे. मग फांद्या रिकाम्या असल्या तर काय बिघडले? झाडाखाली एक फुलांची परडी ठेवा आणि तिच्यात झेंडूची दोन फुले राहू द्या. तुमचे वाक्य खोटे ठरणार नाही. उलट अधिक खरे होईल. टिपण नीट लिहिले असेल तर अडचणीत तेच वाट दाखविते.

शेवटचा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारावा: प्रदर्शनानंतर या झाडांचे काय होणार? थोड्या दिवसांसाठी वाढवून मग फेकून देणे, हे झाडांवर प्रेम करणाऱ्याला शोभत नाही. चेल्सीतील अनेक बागा आज शाळांत, रुग्णालयांत आणि वस्त्यांत नेऊन पुन्हा उभारतात. तुमची तुळस एखाद्या घरी जाईल, कढीलिंब शाळेच्या आवारात लावता येईल, केळ कोणाच्या परसात रुजेल. झेंडूची वाळलेली फुले जपून ठेवा. पुढच्या वर्षीचे बी त्यांतच आहे.

पदक मिळेल किंवा मिळणार नाही. पण ज्या दिवशी एखादी म्हातारी बाई तुमच्या बागेसमोर थांबेल, टिपण न वाचताच इकडेतिकडे पाहील आणि विचारील, ‘आजी आत गेली वाटते?’, त्या दिवशी समजा की तुमचा शब्द खरा ठरला.

शब्दार्थ

आराखडा – नकाशा, आखणीचे चित्र
टिपण – थोडक्यात लिहिलेली माहिती
वाफा – रोपे लावण्यासाठी केलेला जमिनीचा भाग
सडा – अंगणात शिंपडलेले पाणी किंवा शेण कालवलेले पाणी
परडी – फुले ठेवण्याची लहान टोपली
चपखल बसणे – अगदी बरोबर जुळणे

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) चेल्सीचे प्रदर्शन रॉयल हॉस्पिटलच्या आवारात कोणत्या वर्षापासून भरत आले आहे?
(आ) २००१ सालच्या बागेचा विषय कोणता होता?
(इ) झेंडू तीन वेळा का पेरावा?

२. कारणे लिहा.
(अ) गुलबक्षी यादीतून काढावी लागली.
(आ) अंगणातील अर्धी जागा मोकळी ठेवली.
(इ) परदेशी पुस्तकातील आराखडा आपल्याकडे जसाच्या तसा चालत नाही.

३. ‘येथे खरी स्पर्धा शेजाऱ्याशी नसते; स्वतः दिलेल्या शब्दाशी असते.’ या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे पाच-सहा ओळींत लिहा.

४. तुमच्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीला त्यांच्या लहानपणच्या अंगणाविषयी विचारा. त्यावरून एका अंगणबागेचे चार वाक्यांचे टिपण लिहा आणि एक मीटरला चार सेंटिमीटर या प्रमाणात तिचा आराखडा काढा.